न्यूरेंबर्गचं ६०० नंबरचं कोर्ट: जिथे नाझी नेत्यांवर खटला चालला, तिथे आज काय पाहायला मिळतं?

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी राजवटीच्या बड्या नेत्यांवर जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात खटला चालला. तो जिथे चालला, ते ६०० क्रमांकाचं न्यायदालन आज संग्रहालयाचा भाग आहे. जुन्या फोटोंमध्ये हे दालन नाट्यगृहासारखं ऐसपैस दिसतं. प्रत्यक्षात आत गेल्यावर मात्र ते बरंच लहान वाटतं.

हा नजरेचा दोष नाही. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने या दालनाची मागची भिंत पाडून पत्रकार आणि प्रेक्षकांसाठी जागा केली होती. खिडक्या झाकल्या, दिवे बदलले, बाक हलवले. अमेरिकनांनी इमारत परत दिल्यावर जर्मन न्यायव्यवस्थेने दालन पुन्हा नेहमीच्या कोर्टासारखं करून घेतलं, भिंतही परत उभी राहिली. म्हणजे आज दिसतं ते १९४५ चं कोर्ट नव्हे, त्याची जागा आहे.

त्यामुळे हे दालन थोडं समजून घेऊनच पाहावं लागतं. आज न्यायाधीशांचं आसन समोरच्या बाजूला आहे. खटल्याच्या वेळी तिथे पडदा लावलेला होता. न्यायाधीश खिडक्यांच्या बाजूला बसत आणि त्यांच्या बरोबर समोर, दुसऱ्या भिंतीलगत दोन रांगांत आरोपी. त्यांच्या मागचं दार आजही दाखवतात. शेजारच्या तुरुंगातून आणलेले आरोपी लिफ्टने वर येऊन याच दारातून आत येत. मुख्य दरवाजावर आदम आणि हव्वेच्या पतनाचं शिल्प आहे. ते खटल्यासाठी बसवलेलं नाही. ही इमारत १९१६ मध्ये सुरू झाली, तेव्हापासूनचं आहे.

न्यूरेंबर्गच का?

याच शहरात नाझी पक्षाचे प्रचंड मेळावे भरत आणि १९३५ मध्ये ज्यूंचं नागरिकत्व हिरावून घेणारे कायदे इथेच जाहीर झाले. पण प्रतीकापेक्षा सोय अधिक महत्त्वाची ठरली. बॉम्बहल्ल्यांत जुनं शहर जमीनदोस्त झालं होतं, न्यायालयाची इमारत मात्र बऱ्यापैकी शाबूत होती. तिला लागूनच तुरुंग होता.

२० नोव्हेंबर १९४५ ला सुनावणी सुरू झाली. आरोपपत्र २४ जणांवर होतं, बाकांवर बसले २१. रॉबर्ट लाय याने आधीच तुरुंगात आत्महत्या केली होती, उद्योगपती गुस्टाव्ह क्रुप आजारपणामुळे खटल्याला उभा राहू शकत नव्हता आणि मार्टिन बोरमानवर त्याच्या गैरहजेरीत खटला चालला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चारही देशांचे प्रत्येकी दोन न्यायाधीश होते.

दालनातल्या भाषेच्या व्यवस्थेकडे लक्ष द्यायला हवं. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी कामकाज चाले. आरोपींच्या शेजारी काचेआड दुभाषे बसत आणि प्रत्येकाच्या कानाला हेडफोन असे. बोलणारा भरधाव सुटला की पिवळा दिवा लागे, म्हणजे सावकाश. लाल दिवा लागला की थांबायचं. आज संयुक्त राष्ट्रांत जे सहज चालतं, त्याचा पहिला मोठा प्रयोग इथे झाला. हे जमलं नसतं, तर २१८ दिवस चाललेला हा खटला काही वर्षं रेंगाळला असता.

अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता रॉबर्ट जॅक्सन यांनी साक्षीदारांपेक्षा कागदपत्रांवर जास्त भर दिला. आदेश, पत्रं, बैठकांची टिपणं, सगळं नाझींच्याच सहीशिक्क्याचं. कंटाळवाणं, पण नाकारता न येणारं. २९ नोव्हेंबर १९४५ ला त्या पडद्यावर छळछावण्यांचं चित्रीकरण दाखवलं गेलं. प्रेक्षागृहात अंधार असला तरी आरोपींच्या बाकांवर प्रकाश ठेवला होता. त्यांचे चेहरे दिसावेत म्हणून.

१ ऑक्टोबर १९४६ ला निकाल पूर्ण झाला. १२ जणांना फाशी (त्यात गैरहजर बोरमान), तिघांना जन्मठेप, चौघांना १० ते २० वर्षांची कैद आणि तिघांची निर्दोष सुटका. गोरिंगने फाशीच्या काही तास आधी सायनाइड खाल्लं.

वरच्या मजल्यावर

मुख्य प्रदर्शन दालनाच्या वर, इमारतीच्या माथ्याच्या मजल्यावर आहे. ते २०१० मध्ये खुलं झालं. मूळ वस्तू मोजक्याच आहेत. आरोपींच्या बाकांचे भाग आणि पुराव्याची कागदपत्रं ज्यातून ने-आण केली ती पेटी त्यात आहे. बाकी फोटो, ध्वनिमुद्रणं आणि भरपूर मजकूर. वाचायची तयारी नसेल, तर हे संग्रहालय निराश करेल.

पण ते वाचण्यासारखं आहे, कारण खटल्यावरचे आक्षेप इथे टाळता येत नाहीत. हा जेत्यांचा न्याय होता का? आक्रमक युद्ध हा आधी व्यक्तींसाठी शिक्षापात्र गुन्हा नसेल, तर मागाहून तो कसा ठरवता येईल? कात्यिन इथे पोलिश अधिकाऱ्यांची कत्तल जर्मनांनी केली, असा आरोप सोव्हिएत पक्षाने याच दालनात ठेवला. निकालात त्याचा उल्लेख आला नाही. ती कत्तल आपलीच होती, हे मॉस्कोने १९९० मध्ये मान्य केलं. नौदलप्रमुख ड्योनित्झच्या वकिलाने अमेरिकी ॲडमिरल निमित्झ यांचा लेखी जबाब मिळवला: अमेरिकेनेही पॅसिफिकमध्ये पाणबुडीयुद्ध तसंच चालवलं होतं. त्यानंतर त्या मुद्द्यावर ड्योनित्झची शिक्षा वाढवली गेली नाही. खटला पोकळ नव्हता, याचा हा बहुधा सर्वांत बोलका पुरावा आहे. बचावाच्या वकिलाला तिथे खरंच काहीतरी साधता येत होतं.

पुढे १९४६ ते १९४९ या काळात अमेरिकी न्यायालयाने इथेच आणखी १२ खटले चालवले. डॉक्टर, न्यायाधीश, उद्योगपती, सेनाधिकारी असे आरोपी होते. डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल १९४७ मध्ये लागला आणि त्यातून माणसांवरच्या प्रयोगांसाठी 'न्यूरेंबर्ग संहिता' आली. त्या व्यक्तीची स्वेच्छेने दिलेली संमती ही तिची पहिली अट. पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात औषधचाचणीत सहभागी होताना सही करावी लागते, त्या संमतीपत्रामागे ही संहिताही आहे.

असाच दुसरा खटला टोकियोत चालला आणि तिथे भारताचा न्यायाधीश होता. कोलकाता उच्च न्यायालयात काम केलेले राधाविनोद पाल हे ११ न्यायाधीशांपैकी एक. सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारा त्यांचा भिन्नमताचा निकाल हजारहून अधिक पानांचा आहे. जपानी अत्याचार झाले हे त्यांनी नाकारलं नव्हतं, पण या खटल्याचा कायदेशीर पायाच त्यांना मान्य नव्हता. टोकियोचं ते सभागृहही संरक्षण मंत्रालयाच्या आवारात हलवून जतन केलं आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय २००२ मध्ये हेगला सुरू झालं. भारत त्याचा सदस्य नाही.

भेट देताना

संग्रहालय उघडल्यानंतरही जवळपास दहा वर्षं ६०० नंबरच्या दालनात खुनासारखे स्थानिक खटले चालत होते. सुनावणी असली की पाहुण्यांना प्रवेश नसे. २०२० मध्ये न्यायालयाने ते सोडलं. आता तिथे प्रक्षेपणाच्या साहाय्याने १९४५-४६ ची मांडणी दाखवतात, त्यामुळे कोण कुठे बसत होतं हे चटकन कळतं. कधी कार्यक्रमांसाठी दालन बंद असतं, म्हणून निघण्यापूर्वी संकेतस्थळ पाहावं. मंगळवारी संग्रहालयाला सुट्टी असते. मेट्रोच्या यू-१ मार्गावरच्या बेरेनशान्झे स्थानकावरून चालत जाता येतं. इंग्रजी ऑडिओ गाइड मिळतो. आधी वरचं प्रदर्शन पाहून मग दालनात बसलं, तर रिकाम्या बाकांवर कोण होतं हे ओळखता येतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला नाझी मेळाव्यांचं मैदान आणि तिथलं माहिती केंद्रही आहे. दोन्ही एकाच दिवशी करायचं ठरवलं, तर इकडे सकाळी लवकर पोहोचावं.