शेंगांचं पोतं आणि यकृत

यकृताचा कर्करोग म्हटलं की सगळ्यांचं बोट दारूकडे जातं. दारू दोषी आहेच. पण तिच्या आडोशाला आणखी दोघं निवांत बसलेले असतात.

पहिला शेंगांच्या पोत्यात. ईसापूर धरणाच्या कालव्यामुळे हदगावच्या शिवारात उन्हाळी भुईमूग होतो. काढणीला वळवाचा पाऊस आला आणि ओलसर शेंगा तशाच भरल्या, की अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी धरते. तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. १९६० साली इंग्लंडात लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत त्याचा माग लागला. आपल्याकडे १९७४ साली पंचमहाल आणि बांसवाडा भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली.

ती एकदम झालेली विषबाधा. थोडं थोडं विष वर्षानुवर्षं पोटात गेलं तर गोष्ट वेगळी. यकृत ते मोडायला घेतं, पण मोडताना जे रसायन तयार होतं तेच मूळ विषाहून घातक. ते पेशीच्या डीएनएला चिकटतं आणि टीपी५३ हे पेशींची बेलगाम वाढ रोखणारं जनुक बिघडवतं. भाजून, उकळून हे विष पुरतं जात नाही. काळवंडलेले दाणे चटणीत कुटून संपवण्याची काटकसर म्हणूनच महागात पडते. तेच दाणे पेंडीतून म्हशीला घातले, तर विषाचा अंश दुधात उतरतो.

दुसरा हिपॅटायटिस बी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘पांढरी कावीळ’. दूषित पाण्याची कावीळ बहुधा येते आणि जाते. ही रक्तातून, सुईतून, आईकडून बाळाला येते आणि मुक्काम ठोकू शकते. शांघायमधल्या पुरुषांच्या अभ्यासात अफ्लाटॉक्सिनमुळे कर्करोगाचा धोका तिपटीहून जास्त, या विषाणूमुळे सुमारे सातपट आणि दोन्ही एकत्र आले तर जवळजवळ साठपट आढळला.

यकृतातच सुरू होणाऱ्या कर्करोगांत बहुतेक यकृतपेशींचे असतात. पित्तनलिकांचा त्याहून कमी, लहान मुलांतला हिपॅटोब्लास्टोमा दुर्मीळ. आतड्यातून यकृतात पसरलेली गाठ मात्र आतड्याच्याच कर्करोगाची, तिचे उपचारही वेगळे. हिपॅटायटिस सी, लठ्ठपणा आणि मधुमेहासोबतचं चरबीचं यकृत हेही धोके आहेत.

बुरशीवर लस नाही, विषाणूवर आहे. तैवानने १९८४ साली नवजात बाळांना ती द्यायला सुरुवात केली आणि पुढे मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. भारतात ती २०११ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे. जन्मावेळी आईकडून लागण झालेल्या दहापैकी सुमारे नऊ बाळांत विषाणू कायमचा राहतो. त्यामुळे पहिला डोस चोवीस तासांच्या आत, बाळंतिणीला घरी सोडण्याआधीच द्यायचा असतो.