आधी हेडफोन, मग बाकीचं

घरी गाणं ऐकण्यासाठी काही पैसे बाजूला काढले असतील, तर ते आधी हेडफोनवरच खर्च करा, असं माझं ठाम मत आहे. ऐकण्यातला सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. डिजिटल फाइलचं विद्युत-संकेतात रूपांतर करणारा डॅक आज फोनला लावायच्या छोट्याशा अडॅप्टरमध्येही चोख मिळतो.

मी रात्री ख्याल ऐकते. त्यासाठी मला जाळीदार, उघड्या पाठीचे हेडफोनच हवेत. आवाज कपात कोंडत नाही, तानपुऱ्याचा झंकार मोकळा पसरतो, किशोरीताई आमोणकरांचा लांबवलेला स्वर विरतानाही शेवटपर्यंत ऐकू येतो. मात्र आतलं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू येतं. शेजारी कुणी झोपलेलं असेल किंवा खिडकीखाली रिक्षा थांबत असतील, तर बंद कपांचेच घ्या.

अँप्लिफायर लागेल का, हे हेडफोनवर ठरतं. सेनहायझरचा १९९७ साली आलेला एचडी ६०० हा ३०० ओहम विद्युत-अवरोधाचा. त्याला व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे फोनवर तो बऱ्याचदा हळू वाजतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये निघाला. नुसत्या फोनवर ऐकणाऱ्यांना ३२चा सोयीचा.

दुकानात ओळखीची बंदिश लावा आणि तुलनेतल्या दोन्ही हेडफोनचा आवाज सारखा ठेवा. जरा मोठा वाजणारा हेडफोन कानाला उगाच सरस वाटतो. आणि हो, जुन्या बंद हेडफोनच्या गाद्या फाटल्या असतील, तर आधी त्या बदलून ऐका. फटीतून खर्ज निसटत असतो.