थकलेली कर्जं विकत घेणारे रशेश शहा, आणि त्यांच्या समूहाचा दानधर्म

पनवेलहून कर्जतच्या दिशेने निघालं की चौकच्या पुढे एन. डी. स्टुडिओ लागतो. कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी उभा केलेला. २ ऑगस्ट २०२३ ला इथेच त्यांनी आयुष्य संपवलं आणि तोवर शेअर बाजारवाल्यांनाच माहीत असलेलं एक नाव घराघरात पोचलं, एडलवाईस.

देसाईंच्या कंपनीने या समूहातल्या ईसीएल फायनान्सकडून २०१६ आणि २०१८ मध्ये सुमारे १८० कोटींचं कर्ज घेतलं होतं. हप्ते थकले, येणं २५२ कोटींवर गेलं. २५ जुलै २०२३ ला कंपनी न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. अर्ज होता एडलवाईस ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीचा.

आता ही कंपनी करते काय? तर थकलेली कर्जं विकत घेते.

समजा, बँकेचे १०० कोटी अडकलेत. बँक ते कर्ज ४० कोटींना विकून मोकळी होते. यातले थोडेच पैसे रोख मिळतात, बाकीच्याची कागदी पावती, वसुली होईल तसे पैसे. वसुलीचा हक्क मात्र नव्या मालकाचा. ५५ कोटी वसूल झाले तर धंदा, ३० च आले तर खड्डा. २००२ च्या सरफेसी कायद्याने याला वाट करून दिली. म्हणजे कर्जदाराच्या दारात उभा राहणारा माणूस बदलतो, कर्ज तेच राहतं.

रशेश शहा आयआयएम अहमदाबादचे. आयसीआयसीआयमध्ये नोकरी केली आणि १९९५ मध्ये वेंकट रामस्वामींसोबत एडलवाईस काढली. पुढे बँकांची थकबाकी फुगत गेली तशी त्यांची ही कंपनी देशातली या धंद्यातली सर्वात मोठी झाली. २०१८ मध्ये ते फिक्कीचे अध्यक्षही होते.

दुसरी बाजू एडेलगिव्ह फाउंडेशनची. २००८ पासूनची ही संस्था शहांच्या पत्नी विद्या शहांनी नावारूपाला आणली. ती सामाजिक संस्थांना निधी देते. २०२१ मध्ये इतर देणगीदारांना सोबत घेऊन तिने १०० संस्थांसाठी १०० कोटींचा 'ग्रो फंड' आणला. तोही पगार, तंत्रज्ञान, हिशेब असल्या खर्चांसाठी, ज्याला सहसा कुणी देणगीदार हात लावत नाही. हे काम खरंच मोलाचं आहे. पण म्हणून वसुलीचा हात सैल होत नाही. दोन्ही खिसे वेगळे.

देसाई प्रकरणात शहांसह पाच जणांवर गुन्हा नोंदला गेला. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्याच वर्षी मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने वेगळ्याच कारणावरून ईसीएल आणि वसुली कंपनी, दोघांवर निर्बंध घातले. समूहातल्या कंपन्या आपापसात व्यवहार करून थकीत कर्जं झाकत असल्याचा ठपका होता. डिसेंबरमध्ये निर्बंध उठले.

आणि तो स्टुडिओ? तो आता राज्य सरकारच्या चित्रपट महामंडळाकडे आहे.