शितावरून भाषेची परीक्षा
म्हापशाच्या बाजारात भेटणाऱ्या मराठी व कोंकणी या भाषांची तुलना

बार्देश तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या म्हापसा शहरात दर शुक्रवारी मोठा बाजार भरतो. पेडणे व डिचोली या तालुक्यांतील शेतकरी, बागाईतदार व कारागीर या दिवशी आपला माल घेऊन येथे येतात. मिरच्या विकणारी बाई कोंकणीतून भाव सांगते, आणि शेजारचा दुकानदार मराठी वृत्तपत्र चाळता चाळता तिच्याशी कोंकणीतच बोलतो. या दोन भाषा एक की वेगळ्या, हा प्रश्न येथे वारंवार विचारला जातो. त्यावर मत देण्याआधी दोन भाषांची तुलना कशी करावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण सर्वपरिचित आहे. मराठीत शीत म्हणजे शिजलेल्या भाताचा एक कण. कोंकणीत मात्र पानात वाढलेल्या सबंध शिजलेल्या भातालाच शीत म्हणतात. भात हा शब्द शेतातील पिकासाठी व सालीसकट दाण्यासाठी राखलेला आहे. शब्द तेच, परंतु अर्थाची वाटणी निराळी. म्हणूनच एकेका शब्दावरून भाषेची परीक्षा करू जाता फसगत होते.

उसन्या शब्दांचीही गोष्ट अशीच. बटाटा, अननस, साबण, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीज भाषेतून आले व दोन्हीकडे रुजले. त्यांवरून सहवास सिद्ध होतो, नाते नव्हे. नाते दिसते ते ध्वनींच्या नियमित संगतीत. प्रशांत महासागरातील सामोआ बेटांवरील भाषेत घराला ‘फाले’ म्हणतात, हवाईच्या भाषेत ‘हाले’. समुद्राचे प्रचंड अंतर असूनही त्या सख्ख्या आहेत. उलट, हीच सामोअन भाषा उत्तर इटलीतील लोंबार्ड भाषेशेजारी मांडली, तर नात्याचा धागा सापडत नाही. कारण लोंबार्ड ही लॅटिनची संतती होय.

हीच कसोटी आपल्याकडे लावून पाहू. मराठीतील घोडा, आंबा, दिवा हे शब्द कोंकणीत घोडो, आंबो, दिवो असे होतात; अनेकवचनात मात्र दोन्हीकडे घोडे, आंबे, दिवे. तीन लिंगांची व्यवस्थाही समान आहे. एवढी नियमित संगती योगायोगाने घडत नाही. दोहोंचे मूळ प्राकृतात आहे.

परंतु व्याकरणात वाटा फुटतात. मराठीतील ‘मी’ कोंकणीत ‘हांव’ होतो. ‘मला’ऐवजी ‘म्हाका’, ‘काय’ऐवजी ‘कितें’, ‘नाही’ऐवजी ‘ना’. मराठीत पुरुष ‘जातो’ म्हणतो व स्त्री ‘जाते’; कोंकणीत दोघेही ‘वतां’ म्हणतात. लहान मुलीचा उल्लेख कोंकणीत ‘तें’ असा नपुंसकलिंगी होतो. परक्या कानाला त्यात अवहेलना भासेल. वस्तुतः तो घरगुती जिव्हाळ्याचा प्रयोग आहे.

यास इतिहासाचीही जोड आहे. बार्देश 1543 साली पोर्तुगीज अमलाखाली गेला. पेडणे व डिचोली हे प्रदेश मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे या दोन तालुक्यांत घरी कोंकणी आणि कीर्तन, भजन, नाटक व शाळा यांत मराठी अशी विभागणी दीर्घकाळ टिकली. तेरेखोल नदीपलीकडील मालवणीशी पेडण्याची बोली सहज मिसळते, हेही ध्यानी घ्यावे.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली प्रसिद्ध झालेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचले, आणि कोंकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1640 साली रायतूर येथे छापले गेले. पुढे ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीत कोंकणी मराठीच्या अंतर्गत गणली गेली, तर डॉ. सु. मं. कत्रे यांनी 1942 साली तिच्या घडणीचा स्वतंत्र अभ्यास मांडला. विद्वानांचे वर्गीकरण बदलले, तरी लोकांचे बोलणे चालूच राहिले.

व्यवहाराच्या दृष्टीने यातून एक धडा मिळतो. ‘रुग्णास मऊ भात द्यावा’ ही सूचना शाळेत न गेलेल्या आजीला वाचून दाखविली, तर ती क्षणभर तरी अडखळेल. तिच्या बोलीत भात अजून शेतात उभा आहे! भाषा जवळच्या आहेत, म्हणून एकीतला मजकूर दुसरीचे काम करील असे गृहीत धरणे चुकीचे ठरते. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद केली. 1992 साली कोंकणीचा समावेश घटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला. 2024 साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला.

तेव्हा कोणती भाषा थोर, हा वाद तुलनेच्या कक्षेत येत नाही. तुलनेने साम्य कोठे व भेद कोठे एवढे कळते, आणि जनतेशी बोलणाऱ्यास नेमके तेच कळणे आवश्यक असते. मजकूर लिहून झाल्यावर तो ज्याच्यासाठी लिहिला त्याला एकदा वाचून दाखवावा. परीक्षा एका शितावरून न करता सबंध पानावरून करावी, हेच उचित होय.