चौदा महिने, चौदा वर्षं

पीएच.डी. करणाऱ्याला लग्नमुंजीत हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच: ‘थिसीस कधी सबमिट करताय?’ उत्तर चौदा महिन्यांपासून सत्त्याहत्तर वर्षांपर्यंत काहीही असू शकतं. खरंच!

चाळीस पानांत केंब्रिज
कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनी केंब्रिजमध्ये अवघ्या १४ महिन्यांत काम संपवलं. वनस्पतींच्या पेशींतल्या ‘सायटोक्रोम सी’वरचा प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. १९३९ मध्ये पदवी हातात! पण हे १४ महिने सुरू व्हायच्या आधी, १९३३ मध्ये, बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत ‘मुलगी’ म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला होता. संचालक सी. व्ही. रामन यांच्यासमोर त्यांनी हट्टाने ठाण मांडलं आणि अटींवर का होईना, आत शिरल्या. त्यांची बहीण दुर्गा भागवत. दुर्गाबाईंचं पीएच.डी.चं काम मात्र पुरं झालं नाही, आणि त्यांच्या विद्वत्तेला त्याने काडीचाही फरक पडला नाही.

१९१३ ते १९२७
डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पीएच.डी. रीतसर मिळाली १९२७ मध्ये. म्हणजे १४ वर्षं! अभ्यास रेंगाळला होता का? मुळीच नाही. न्यूयॉर्कमधलं काम तीन वर्षांत उरकून १९१६ मध्ये ते लंडनला पोचले होते. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. त्यांची पुस्तकं आणि सामान असलेलं जहाज पाणतीराने बुडवलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पै-पै साठवणं, शाहू महाराजांची मदत, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाचा तेव्हाचा नियम असा, की प्रबंध छापून प्रती जमा केल्याशिवाय पदवी नाही. छापायलाही पैसे लागतात! कोलंबियासाठीचा प्रबंध ग्रंथरूपाने १९२५ मध्ये निघाला, सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला. या चौदा वर्षांतली बरीचशी पैशाने आणि युद्धाने खाल्ली, हे कुणाही संशोधकाला ‘अजून झालं नाही का?’ विचारण्याआधी आठवावं.

तेरा वर्षांचा डॉक्टर
जर्मनीतल्या कार्ल विटेला १८१४ मध्ये गीसेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. वय वर्षं १३.

गिटार आणि धूळ
‘क्वीन’ बँडचा गिटारवादक ब्रायन मे १९७० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात सूर्यमालेतल्या धुळीवर संशोधन करू लागला. बँड गाजला, प्रबंध मागे पडला. तो पूर्ण झाला २००७ मध्ये. मधल्या काळात या धुळीकडे फारसं कुणी वळलं नव्हतं, त्यामुळे जुनी निरीक्षणं तोवर शिळी झाली नव्हती.

सत्त्याहत्तर वर्षांनी व्हायवा
इंगेबोर्ग रापोपोर्ट यांनी घटसर्पावरचा प्रबंध १९३८ मध्येच हॅम्बुर्गला सादर केला होता. आई ज्यू वंशाची, म्हणून नाझी राजवटीत तोंडी परीक्षाच नाकारली गेली. २०१५ मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी, बर्लिनच्या त्यांच्या घरी प्राध्यापक आले आणि व्हायवा झाली. नजर अधू झालेली. म्हणून परिचितांनी घटसर्पावरचं नवं संशोधन शोधून त्यांना फोनवर सांगितलं होतं. आयती पदवी न घेता बाईंनी अभ्यास करून उत्तरं दिली!

आपलं गणित
२०२२च्या यूजीसी नियमांनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. फेरनोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. शिवाय बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. यूजीसीची फेलोशिप मात्र जास्तीत जास्त पाच वर्षं: आधी दोन वर्षं कनिष्ठ (जेआरएफ), मग तीन वर्षं वरिष्ठ (एसआरएफ). म्हणजे मुदत सहाची आणि पैसे पाचचे! नेमक्या लिखाणाच्या वर्षात खिसा रिकामा. ज्याला मुळात फेलोशिपच नाही, तो दिवसा तासिका तत्त्वावर शिकवतो आणि रात्री प्रकरण तीन लिहितो.

किती वर्षं लागावीत? माझ्या मते चार ते पाच, जर गाईड जागेवर असेल आणि पैसे वेळेवर खात्यात पडत असतील. त्याहून जास्त लागली, तर आधी या दोन गोष्टी तपासाव्यात, संशोधकाची हुशारी नंतर.

आणि सबमिट केलं म्हणजे संपलं असंही नाही. बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल यायचे, मग व्हायवा. हे सारं सहा महिन्यांत आटपावं, असंही तेच नियम सांगतात. प्रत्येक संशोधकाने हे कलम पाठ करून ठेवावं.

खिळा ठोका!
स्वीडनमध्ये पूर्णवेळ संशोधनाची चार वर्षं धरलेली असतात. प्रबंध छापून आला, की तोंडी परीक्षेच्या साधारण तीन आठवडे आधी त्याला भोक पाडून तो विद्यापीठात लाकडी फळीवर खिळ्याने ठोकतात. हातोडा संशोधकाच्या हातात, भोवती मित्रमंडळी. येणाऱ्याजाणाऱ्याने थांबावं, पानं उलटावीत, आणि परीक्षेच्या दिवशी सभागृहात येऊन खुशाल प्रश्न विचारावा.