तापलेला सांधा, थंड चित्र

विजेच्या पॅनेलमधला सांधा सैल झाला की तिथला रोध वाढतो, सांधा तापतो. पुढे आगही लागू शकते. तो हेरण्यासाठी उष्णता-कॅमेरा वापरतात. पण हा कॅमेरा तापमान मोजतच नाही! त्याच्यापर्यंत पोचते ते अवरक्त प्रारण; त्यावरून तापमान काढते सॉफ्टवेअर. त्यासाठी पृष्ठभागाची उत्सर्जकता, म्हणजे आदर्श काळ्या वस्तूच्या तुलनेत तो किती प्रारण सोडतो, हे आपण त्याला सांगावे लागते. काळ्या चिकटपट्टीची सुमारे ०.९५, चकचकीत तांब्याची जेमतेम ०.०५. तांब्यालाही ०.९५ धरले, तर तापलेला सांधा चित्रात थंड दिसतो! म्हणून वीज बंद असतानाच सांध्याजवळ चिकटपट्टीचा तुकडा लावतात आणि नंतर तापमान तिथले वाचतात.

कारखान्यातला अवरक्त तापमापी मिळाला, तर चकचकीत स्टीलच्या पेल्यात गरम पाणी ओतून आपणही हे वर्गात दाखवू शकतो. पेल्याच्या एका बाजूला चिकटपट्टी लावा आणि दोन्ही बाजूंचे आकडे मुलांनाच वाचू द्या.