मेळ बसला, पुढे?

महिन्याची 14 तारीख आली की कर सल्लागारांच्या कार्यालयांत टू-बी जुळवायची लगबग सुरू होते. पुरवठादारांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून जीएसटी पोर्टलवर तयार झालेलं पत्रक एका बाजूला, टॅलीतली खरेदी दुसऱ्या बाजूला. बिल क्रमांकात कुठे एक शून्य जास्त, कुठे तिरकी रेघ गळलेली, कुठे 18 टक्क्यांच्या जागी 5. अशा कामात यंत्र माणसाच्या कितीतरी पुढे आहे. एआयची जोड असलेली सॉफ्टवेअर आता बिलाचा फोटो वाचून कोणत्या खात्याला नावे टाकायचं तेही सुचवतात. मात्र मेळ बसला म्हणजे दोन कागद एकच सांगतात, एवढंच कळतं. ते खरं सांगतात का, हे पाहणं बाकीच असतं.

समजा, एका कारखान्याचं 1,85,000 रुपयांचं बिल आहे: ‘मोटर बदलली’. ही विजेची मोटर, गाडी नव्हे, हे यंत्र एचएसएन कोडवरून ओळखेल. पण हा खर्च दुरुस्तीचा की भांडवली? जळालेल्या मोटरीच्या जागी तशीच दुसरी बसवली असेल तर तो साधारणपणे दुरुस्तीत जातो आणि सगळा याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो. जास्त ताकदीची बसवून यंत्राची क्षमता वाढवली असेल, तर तो मालमत्तेत धरून दरवर्षी घसारा काढावा लागतो. हे बिलावर लिहिलेलं नसतं, फोरमनला विचारावं लागतं. यंत्र जुन्या नोंदींवरून शिकेल, हे खरं. पण तीन वर्षं चुकीच्या खात्यात टाकलेला खर्च ते चौथ्या वर्षीही तिथेच टाकेल, तेही न अडखळता.

यावर कोणी म्हणेल, माणसांनी तरी काय दिवे लावले? आक्षेप रास्त आहे. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी घोटाळ्याची कबुली दिली, तेव्हा कळलं की ताळेबंदातली 5,040 कोटींची रोख आणि बँकशिल्लक मुळात नव्हतीच. लेखापरीक्षक माणसंच होती. पण बँकेकडून शिल्लक पडताळून घेण्याचं काम त्यांनी कंपनीच्याच हाती सोपवलं होतं, असा ठपका अमेरिकेच्या सेक या नियामक संस्थेने 2011 मध्ये ठेवला. म्हणजे कागदाशी कागद जुळला यावर तेही यंत्रासारखेच थांबले. माणूस असणं पुरेसं नाही. ज्याचा हिशोब तपासायचा त्याला वगळून तिसऱ्याला थेट विचारावं लागतं.

म्हणून जुळणी खुशाल यंत्राला द्यावी. प्रश्न वाचलेल्या वेळाचा आहे. तो आणखी चार अशिलं घेण्यात गेला, तर तपासणी होती तिथेच राहील. न जुळलेल्या नोंदींकडे यंत्र स्वतःच बोट दाखवतं. जुळलेल्या ढिगातून चार मोठ्या नोंदी उचलून माल खरंच आला का, हे गोदामात जाऊन पाहायला मात्र ते सांगत नाही. ते सही करणाऱ्यालाच सुचावं लागतं.